परक्या देशात माणूस रुजतो कसा?

एखादं कुटुंब युद्धामुळे, छळामुळे किंवा निव्वळ कामाच्या शोधात दुसऱ्या देशात येऊन पोचतं. डोक्यावर छप्पर मिळतं, मुलांची नावं शाळेत घातली जातात, घरातल्या एकाला काम लागतं. सरकारी दप्तरात त्यांचं पुनर्वसन झालेलं असतं. दोन वर्षांनी पाहावं, तर त्याच मजल्यावरच्या एकाही घराशी त्यांची बोलाचाल नसते. रात्री कुणी आजारी पडलं तर हाक कुणाला मारायची, घरमालकाने अनामत बुडवली तर तक्रार कुठे करायची, हे त्यांना ठाऊक नसतं. कागदोपत्री सगळं जागच्या जागी असूनही ती माणसं त्या समाजाच्या उंबरठ्याबाहेरच राहिलेली असतात.

संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगभरात सुमारे ३० कोटी ४० लाख माणसं आपला देश सोडून दुसरीकडे राहत होती. त्यांना समाजात सामावून घेण्यावर सरकारं कायदे करतात, अभ्यासक्रम आखतात, पैसा ओततात. तरी उंबरठ्याबाहेरचं ते अंतर उरतंच, कारण ते ओलांडायला जे लागतं त्यातला मोठा हिस्सा सरकारी खिडकीवर मिळत नाही. तो शेजारीपाजारी, सहकारी आणि आधी येऊन स्थिरावलेले लोकच देऊ शकतात. म्हणूनच गेल्या काही दशकांत लोकांच्या पुढाकाराने चालणाऱ्या प्रयत्नांकडे गांभीर्याने पाहिलं जाऊ लागलं आहे. ते चालतात कसे, आणि कुठे तोकडे पडतात, हे इथे उलगडून पाहू.

आधी एक समज बाजूला ठेवायला हवा. आलेल्याने भाषा शिकावी, रीतभात शिकावी, कायदे पाळावेत, म्हणजे तो आपोआप मिसळून जाईल, असं बहुतेकांना वाटतं. युरोपीय संघाने २००४ साली स्वीकारलेल्या सामायिक तत्त्वांपैकी पहिलंच तत्त्व याच्या उलट आहे. ही प्रक्रिया दुतर्फा चालते, आलेल्यांनी आणि आधीपासून राहणाऱ्यांनी एकमेकांशी जुळवून घ्यायचं असतं, असं ते म्हणतं. कागदावर हे मान्य होऊन वीस वर्षं उलटली. परीक्षा मात्र अजून एकाच बाजूची घेतली जाते.

मानसशास्त्रज्ञ जॉन बेरी यांनी हाच पेच दोन प्रश्नांत मांडला. माणसाला आपली भाषा, सण, चालीरीती जपायच्या आहेत का? आणि त्याला भोवतालच्या समाजाशी संबंध जोडायचे आहेत का? दोन्हीला ‘हो’ असेल, तर तो आपलेपण न गमावता नव्या समाजाचा भाग होतो. फक्त दुसऱ्याला ‘हो’ असेल, तर तो त्या समाजात विरघळून जातो. फक्त पहिल्याला ‘हो’ असेल, तर आपल्या लोकांपुरता वेगळा राहतो. दोन्हीला ‘नाही’ असेल, तर तो कुठलाच उरत नाही, आणि ही अवस्था सगळ्यांत घातक. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की उत्तर एकट्या स्थलांतरिताच्या हातात नसतं. त्याने कितीही ‘हो’ म्हटलं, तरी समोरचं दार बंद असेल तर तो वेगळाच राहणार. मग त्याच्या नावाने बोटं मोडली जाणार, की हे लोक मिसळतच नाहीत.

नाती तीन प्रकारची

ब्रिटनमध्ये अ‍ॅलिस्टर एजर आणि अ‍ॅलिसन स्ट्रँग या संशोधकांनी निर्वासितांच्या समावेशनाचे दहा पैलू सांगितले. काम, घर, शिक्षण आणि आरोग्य हे त्यातले चार डोळ्यांना दिसणारे. पाया हक्क आणि नागरिकत्वाचा. या दोहोंना जोडणारे पाच पैलू मधे येतात: भाषा आणि स्थानिक माहिती, सुरक्षितता आणि स्थैर्य, आणि तीन तऱ्हेची नाती.

पहिलं नातं आपल्या माणसांशी. नव्याने आलेल्या बाईला आपल्या भाषेत बोलणारी डॉक्टर कोणत्या दवाखान्यात बसते, हे आधी आलेली ओळखीची बाई सांगते. दुसरं नातं वेगळ्या समाजातल्या माणसांशी. कुठल्या कारखान्यात जागा निघाली आहे, कुठली शाळा मुलांकडे नीट लक्ष देते, हे शेजारीण किंवा मुलाच्या मित्राची आई सांगते. तिसरं नातं संस्थांशी, म्हणजे पालिका, शाळेचं व्यवस्थापन, पोलीस, न्यायालय यांच्याशी. हक्क असणं वेगळं आणि तो बजावून घेता येणं वेगळं. ते बळ या तिसऱ्या नात्यातून येतं.

यातल्या पहिल्या नात्यावर सरकारांचा फार काळ संशय होता. एकाच देशातून आलेली माणसं एकाच वस्तीत राहिली, तर ती आपापसातच गुरफटून राहतील, असं मानलं जायचं. स्वीडनने १९८५ पासून निर्वासितांना देशभर विखरून वसवायचं धोरण राबवलं. प्रत्यक्षात माणसं तिथे पाठवली गेली जिथे घरं रिकामी होती, आणि घरं बऱ्याचदा तिथेच रिकामी होती जिथे काम नव्हतं. पुढे अर्थशास्त्रज्ञांनी याच धोरणाचा उपयोग करून अभ्यास केला. कोण कुठे जाणार हे बरंचसं त्या माणसाच्या मर्जीबाहेर ठरत असल्यामुळे तुलना नीट करता येत होती. निष्कर्ष अपेक्षेच्या उलटा निघाला. कमी शिकलेल्या निर्वासितांपैकी जे आपल्या देशबांधवांच्या वस्तीत राहिले, त्यांची कमाई अधिक होती. त्यातही त्या वस्तीतले लोक स्वतः बऱ्यापैकी कमावते असतील, तर फायदा आणखी मोठा.

आपल्या माणसांचा आधार ही पहिली पायरी आहे. ती काढून घेऊन माणूस वरच्या पायरीवर लवकर पोचत नाही. तरी तिथेच थांबणंही बरं नाही, आणि इथून कामाचा अवघड भाग सुरू होतो.

नुसतं शेजारी राहून भागत नाही

दोन समाज एका गल्लीत राहायला लागले, की हळूहळू ओळख होईल आणि दुरावा सरेल, ही आशा भाबडी आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ सालीच सांगितलं होतं, की संपर्काने पूर्वग्रह कमी होण्याची शक्यता काही अटी पाळल्या तरच वाढते. त्या प्रसंगापुरती दोघांची पत सारखी हवी, उद्दिष्ट समान हवं, ते गाठायला एकमेकांची गरज लागायला हवी आणि वरच्या संस्थेचा, अधिकाऱ्याचा किंवा कायद्याचा त्याला पाठिंबा हवा. एकाने वाढायचं आणि दुसऱ्याने ताट पुढे करायचं, अशा भेटीत यातली पहिलीच अट मोडते. म्हणून मदतवाटपाचे कार्यक्रम कितीही मनापासून केले, तरी त्यातून मैत्री क्वचितच निघते.

याची एक विलक्षण चाचणी उत्तर इराकमध्ये झाली. आयसिसच्या हल्ल्यांनी विस्थापित झालेल्या ख्रिश्चन खेळाडूंचे फुटबॉल संघ होते. राजकीय शास्त्राच्या अभ्यासक सल्मा मूसा यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने संघ निवडले. काही संघांत नवे खेळाडू म्हणून मुस्लिम घेतले, काहींत ख्रिश्चनच. संपूर्ण हंगाम ते एकत्र खेळले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचं उत्तर एका वाक्यात सांगण्यासारखं नाही, आणि म्हणूनच ते मोलाचं आहे. मिश्र संघांतले ख्रिश्चन खेळाडू पुढच्या हंगामातही मिश्र संघात नाव द्यायला अधिक तयार होते. खिलाडूवृत्तीच्या बक्षिसासाठी त्यांनी दुसऱ्या संघातल्या मुस्लिम खेळाडूंनाही मतं दिली. सहा महिन्यांनंतरही ते मुस्लिम खेळाडूंबरोबर सराव करताना दिसले. पण मैदानाबाहेर हा बदल फारसा पोचला नाही. मुस्लिमबहुल मोसुलमधल्या उपाहारगृहात जायचं किंवा दोन्ही समाजांच्या कौटुंबिक मेळाव्याला यायचं म्हटलं, तर त्यांच्यात आणि इतरांत ठळक फरक उरला नाही.

सोबत खेळलेल्या, घाम गाळलेल्या माणसांबद्दल मन बदलतं. त्याच समाजातल्या अनोळखी माणसाबद्दलचं मन बदलायला त्याहून पुष्कळ अधिक लागतं. एका क्रीडास्पर्धेवर किंवा वर्षातून एकदा होणाऱ्या सांस्कृतिक महोत्सवावर सगळी भिस्त ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. असे प्रसंग हवेतच, पण खेळ, शाळा, कामाची जागा, गृहसंस्थेची समिती अशा अनेक ठिकाणी पुन्हा पुन्हा गाठ पडावी लागते.

अफवांचं तसंच. स्थलांतरितांना सगळं फुकट मिळतं, ते कर भरत नाहीत, त्यांच्यामुळे दवाखान्यात नंबर लागत नाही, अशा गोष्टी प्रत्येक शहरात बोलल्या जातात. बार्सिलोना शहराने २०१० मध्ये याविरुद्ध मोहीम हाती घेतली. भरवसा फलकांवर न ठेवता सामान्य नागरिकांना शिकवून तयार केलं गेलं. न्हाव्याच्या दुकानात, बसथांब्यावर, घरच्या जेवणात असं बोलणं निघालं, की न भांडता, समोरच्याला मूर्ख न ठरवता माहिती कशी सांगायची, याचं हे शिक्षण होतं. नंतर युरोपातल्या इतर शहरांनीही ही पद्धत उचलली. आकड्यांच्या जाहिरातीपेक्षा ओळखीच्या माणसाने शांतपणे सांगितलेलं अधिक आत शिरतं, हे त्यामागचं साधं गणित.

कॅनडातला प्रयोग

लोकांच्या पुढाकाराचं सगळ्यांत मोठं आणि जुनं उदाहरण पाहायचं तर कॅनडाकडे जावं लागतं. १९७८ साली तिथे नवा स्थलांतर कायदा अमलात आला. सामान्य नागरिकांना निर्वासितांचं प्रायोजकत्व घेता येईल, अशी सोय त्यात होती. किमान पाच जणांचा गट, एखादं चर्च किंवा संस्था निर्वासित कुटुंबाची साधारण वर्षभराची जबाबदारी घेते. पैसे आधी उभे करायचे, घर शोधायचं, विमानतळावर घ्यायला जायचं, मुलांना शाळेत घालायचं, बँकेत खातं उघडून द्यायचं, बस कशी पकडायची ते दाखवायचं. खर्च प्रायोजकांचा; तपासणी, प्रवेश आणि कायमस्वरूपी वास्तव्याचा हक्क सरकारकडून.

कायदा अमलात आला आणि पाठोपाठ व्हिएतनाममधून होड्यांतून, तसंच लाओस, कंबोडियातून पळालेल्या माणसांची दृश्यं जगाने पाहिली. १९७९ च्या उन्हाळ्यात ओटावाच्या महापौर मॅरियन ड्यूअर यांनी आपल्या शहराने ४,००० निर्वासितांना घ्यावं अशी हाक दिली आणि लोक जाहीर सभेला लोटले. सरकारने तोडीस तोड योजना आणली: नागरिक जितक्यांना घेतील, तितक्याच आणखी लोकांना सरकार घेईल. १९७९ आणि १९८० या दोन वर्षांत सुमारे ६०,००० माणसं कॅनडात आली आणि त्यातल्या निम्म्याहून अधिकांचा भार नागरिकांच्या गटांनी उचलला. १९८६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचं नान्सेन पदक कॅनडाच्या जनतेला दिलं गेलं. एखाद्या देशाच्या साऱ्या जनतेला ते दिलं जाण्याचा हा एकमेव प्रसंग. तेव्हापासून आजवर या मार्गाने तीन लाखांहून अधिक निर्वासित त्या देशात आले आहेत.

पैसा हा यातला दुय्यम भाग, असं माझं मत आहे. खरी देवघेव ओळखींची होते. पाच घरांनी एका कुटुंबाची जबाबदारी घेतली, की त्या पाच घरांचे डॉक्टर, शिक्षक, मालक, मावश्या, मित्र असा सगळा गोतावळा त्या कुटुंबाच्या वाट्याला येतो. पहिल्या काही वर्षांत प्रायोजकांमार्फत आलेल्यांना सरकारी योजनेतून आलेल्यांपेक्षा काम लवकर मिळतं, असं कॅनडाची सांख्यिकी सांगते. अर्थात सरकारी योजनेत अधिक हालअपेष्टा सोसलेली माणसं मुद्दाम निवडली जातात आणि ती बऱ्याचदा कमी शिकलेली असतात, त्यामुळे सगळं श्रेय प्रायोजकांना देणं न्याय्य होणार नाही. फायदा मात्र उलट दिशेनेही होतो. ज्याने एकदा एका निर्वासित कुटुंबासोबत वर्ष काढलं, त्याला बातम्यांमधली ‘निर्वासितांची लाट’ तशी दिसत नाही, कारण त्या लाटेतली काही नावं त्याला ठाऊक असतात.

या पद्धतीत एक धोकाही दडलेला आहे. ज्याने पैसे दिले त्याला वाटू लागतं, की कुटुंबाने कुठे राहावं, खर्च कशावर करावा, मुलीने पुढे काय शिकावं, हेही आपणच ठरवावं. मदतीचं रूपांतर उपकारात व्हायला वेळ लागत नाही. उपकाराखाली दबलेला माणूस ‘नाही’ म्हणू शकत नाही, आणि मग ऑलपोर्टची पहिली अट पुन्हा मोडते. जाणते गट म्हणून सुरुवातीलाच ठरवून टाकतात, की पैशाचा हिशेब कुटुंबाच्या हातात राहील आणि वर्ष संपल्यावर नातं उरलंच तर मैत्रीचं उरेल.

पुढाकार नेमका कुणाचा?

‘लोकांच्या पुढाकाराने’ असं म्हणताना हे लोक कोण, हे विचारलं पाहिजे. फक्त यजमानांचे गट मोजले तर चित्र अर्धंच राहतं. बर्लिनच्या नॉयकोल्न भागात २००४ पासून एक काम चालू आहे. तिथे स्थलांतरित घरांतल्याच आयांना काही महिने प्रशिक्षण देतात: मुलांचं आरोग्य, शिक्षणव्यवस्था, भाषा, हक्क. मग त्या आपल्याच वस्तीतल्या इतर आयांच्या घरी जातात. गळ्यातला लाल स्कार्फ ही त्यांची ओळख. ज्या घरात सरकारी पत्रांची पाकिटं न फोडताच पडून राहतात, तिथे ही बाई आपल्या भाषेत बोलते, चहाला बसते आणि बालवाडीचा अर्ज भरून देते. या कामाचा त्यांना मोबदला मिळतो, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. भाषांतर, समजूत घालणं, दवाखान्यात सोबत जाणं ही कामं स्थलांतरित बायका आणि कधीकधी दहा-बारा वर्षांची मुलंसुद्धा पिढ्यानपिढ्या फुकट करत आल्या आहेत. आईच्या आजाराचं निदान तिच्याच लेकराच्या तोंडून तिला सांगायला लावणं हा अन्याय आहे. तो टाळण्यासाठी प्रशिक्षित आणि पगारी दुभाषे लागतात.

युगांडात वेगळी वाट दिसते. पंधरा लाखांहून अधिक निर्वासितांना आसरा देणाऱ्या या देशाच्या २००६ च्या कायद्याने त्यांना काम करायचा आणि देशभर फिरायचा हक्क दिला. निर्वासित वसाहतींमध्ये कुटुंबांना कसायला जमिनीचा तुकडा दिला जातो आणि निर्वासित आपल्यातून निवडून दिलेल्या परिषदांमार्फत वसाहतीचे प्रश्न मांडतात. तिथल्या धोरणातला शहाणपणाचा भाग असा, की निर्वासितांसाठी येणाऱ्या मदतीचा साधारण ३० टक्के वाटा भोवतालच्या स्थानिकांसाठी राखायचा. विहीर खोदली तर पाणी दोघांचं, दवाखाना उघडला तर रांग एकच. गरीब यजमानांच्या डोळ्यांदेखत फक्त पाहुण्यांची सोय झाली, तर मत्सर उगवणारच. तो यजमानांचा दुष्टपणा नसतो, आखणीतली चूक असते. माणसं वाढताहेत, तुकडे लहान होताहेत आणि जगाकडून येणारी मदत आटते आहे, त्यामुळे हा प्रयोग आज मोठ्या ताणाखाली आहे.

जिथे शेजाऱ्यांचे हात अपुरे पडतात

लोकांच्या पुढाकाराचं कौतुक करताना सरकारला सुटका करून घ्यायची वाट दाखवली जाऊ नये, याची मला काळजी वाटते. काही गोष्टी शेजारी कधीच देऊ शकत नाही.

निर्णयाचा वेग ही त्यातली पहिली. आश्रयाचा अर्ज मंजूर होईपर्यंत अनेक देशांत माणसाला पूर्ण हक्काने काम करता येत नाही. स्वित्झर्लंडमधल्या एका अभ्यासात दिसलं, की निर्णयासाठी एक वर्ष अधिक ताटकळावं लागलं, तर नंतर काम मिळण्याचं प्रमाण ४ ते ५ टक्क्यांच्या अंतराने घसरतं. रिकामा काळ माणसाला आतून पोखरतो. कुठल्याही स्वयंसेवकाची संध्याकाळची भाषाशिकवणी ते वर्ष भरून काढू शकत नाही.

नागरिकत्व ही दुसरी. स्वित्झर्लंडमधल्याच काही गावांत २००३ पर्यंत अशी पद्धत होती, की परदेशी रहिवाशाला नागरिकत्व द्यायचं की नाही यावर गावकरी गुप्त मतदान करायचे. त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली. संशोधकांनी नंतर थोडक्या मतांनी मंजूर झालेले आणि थोडक्या मतांनी नाकारले गेलेले अर्जदार यांची तुलना केली. हे दोन्ही गट जवळजवळ सारखेच, फरक थोड्याच मतांचा. कित्येक वर्षांनी पाहिलं तर नागरिकत्व मिळालेले लोक राजकीय आणि सामाजिक जीवनात अधिक रमलेले होते. आधी पुरतं मिसळा, मग बक्षीस म्हणून नागरिकत्व घ्या, हा क्रम बऱ्याच राजकारण्यांना आवडतो. इथे मात्र हक्क आधी मिळाला आणि मिसळणं मागून आलं.

पश्चिम जर्मनीने १९५५ ते १९७३ या काळात इटली, तुर्कस्तान आणि इतर देशांशी करार करून लाखो कामगार बोलावले. ते परत जाणार असं गृहीत धरलं होतं, म्हणून त्यांना भाषा शिकवायची, मुलांच्या शिक्षणाची नीट व्यवस्था लावायची गरज कुणाला वाटली नाही. पुष्कळ जण तिथेच राहिले. देशभर एकसारखे भाषा आणि समाजओळखीचे वर्ग कायद्याने सुरू झाले ते २००५ साली. मधल्या काळात एक अख्खी पिढी मोठी झाली होती.

लोकांचे प्रयत्न एकट्यादुकट्याच्या खांद्यावर उभे असले तर तेही डळमळतात. दक्षिण इटलीतलं ‘रियाचे’ नावाचं ओस पडत चाललेलं गाव १९९८ मध्ये किनाऱ्याला लागलेल्या कुर्द निर्वासितांमुळे पुन्हा गजबजलं. रिकामी घरं दुरुस्त झाली, कार्यशाळा उघडल्या. पण सगळा डोलारा महापौर दोमेनिको लुकानो आणि सरकारी निधी यांच्यावर उभा होता. २०१८ मध्ये त्यांना अटक झाली, निधी थांबला आणि अनेक कुटुंबं पांगली. पुढे २०२३ मध्ये अपिलात बहुतेक आरोप टिकले नाहीत, तोवर घड्याळ फार पुढे गेलं होतं. अमेरिकेत २०२३ साली कॅनडाच्या धर्तीवर सुरू झालेली नागरिक-प्रायोजकत्वाची योजनाही २०२५ मध्ये सरकार बदलताच बंद पडली. लोक तयार होते, दार मात्र वरून बंद झालं.

म्हणून टिकाऊ काम ओळखायचं असेल, तर मी फलकांवरची घोषवाक्यं वाचत नाही. समितीत आलेल्या माणसांपैकी कितीजणांना मत आहे, पैशावर सही कुणाची आहे, बैठक रात्रपाळी करणाऱ्याला येता येईल अशा वेळी होते का, लहान मुलांना सांभाळायची सोय आहे का, हे विचारते. ‘समाजाचे नेते’ म्हणून नेहमी तेच दोन पुरुष बोलत असतील, तर बायका आणि तरुण कुठे आहेत हेही विचारायला हवं. स्वीडनने १९७६ च्या स्थानिक निवडणुकीपासून तीन वर्षं राहिलेल्या परदेशी नागरिकांना मतदानाचा हक्क दिला. आयर्लंडमध्ये स्थानिक निवडणुकीत मत द्यायला तिथला रहिवासी असणं पुरतं, नागरिकत्व लागत नाही. ज्याचा कचरा उचलायचा आहे, ज्याच्या मुलाची शाळा चालवायची आहे, त्याचं मत मागायला नगरसेवकाला त्याच्या दारात जावं लागतं, आणि त्यासाठी त्याला त्या घरातल्या माणसांची नावं माहीत करून घ्यावी लागतात.